दावणीचे विकर

दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात भाचीने जीन्सचा ढीग उपसता उपसता एका पँटची आतली पट्टी मला दाखवली. ‘एन्झाइम वॉश’. निर्यातीतून उरलेला माल इथे रस्त्यावर येतो. कंपनीचे नाव कापलेले असते, असल्या पट्ट्या मात्र तशाच राहतात. “मावशी, एन्झाइम म्हणजे आमच्या पुस्तकातलं विकर ना? मग पँटला काय विरजण लावलंय?”

थट्टाच होती, पण शब्दाच्या मुळावर अचूक बसली. ग्रीकमध्ये ‘झ्यूमे’ म्हणजे खमीर. विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने 1870 च्या दशकात त्याला ‘आत’ या अर्थाचा ‘एन’ जोडला आणि खमिरात असते ते एन्झाइम, असे नाव पाडले. मराठीतल्या ‘विकर’चे रूप पाहावे तर विकार आणि विकृती ही त्याची सख्खी भावंडे. बदल घडवणारा एवढाच अर्थ, पण कानाला आजारी वाटतो. परिभाषेतला दुसरा शब्द ‘वितंचक’. उच्चारताना जीभ अडखळते, तरी माझे मत त्यालाच. संस्कृत ‘तञ्च्’ म्हणजे आकसणे, घट्ट होणे. यज्ञासाठी दूध विरजायला जे घालत त्याला ‘आतञ्चन’ म्हणत. दिल्लीत शेजारीण वाटी घेऊन ‘जामन’ मागायला येते, तेव्हा हाच घट्टपणा ‘जमना’ या क्रियापदातून दारात उभा असतो.

पँटला विरजण नव्हे, पण विकर खरेच लावतात. निळीचा रंग सुताच्या बाहेरच्या थरावरच बसलेला असतो. तो थर खरवडला की आतला पांढरा धागा डोकावतो आणि नवी पँट जुनी दिसू लागते. पूर्वी त्यासाठी कपड्यांबरोबर धुलाईयंत्रात प्यूमिस दगड फिरवत. प्यूमिस म्हणजे ज्वालामुखीतून आलेला, भोकाभोकांचा, हलका दगड. आपल्याकडे टाचा घासायला वजरी असते, त्या जातीचे काम करणारा. मग सेल्युलेज हे विकर आले. ते कापसाचे तंतू वरवर कुरतडते आणि त्यांच्याबरोबर रंगही सुटतो. पण मोकळे विकर धाग्याच्या आतही शिरते, कापडाचा जोर कमी करते आणि शेवटी पाण्याबरोबर गटारात जाते. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात या दोघांचे लग्नच लावून दिले: विकर प्यूमिसवरच बांधले आणि त्या दगडांनी डेनिम धुतले. दगडाला बांधलेले विकर धाग्यात खोल शिरणार कसे?

कल्पना मात्र फार जुनी. 1916 मध्ये नेल्सन आणि ग्रिफिन यांना दिसले, की साखर फोडणारे इन्व्हर्टेज कोळशावर चिकटून बसले तरी आपले काम सोडत नाही. आपल्याकडे पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा इथे पेनिसिलिन फोडणाऱ्या अ‍ॅसिलेजला असेच बांधून ठेवण्यावर बरेच काम झाले.

या बांधण्याला मराठीत म्हणतात ‘स्थिरीकरण’, आणि माझी तक्रार इथेच आहे. विकर उष्णतेत टिकते, लवकर उलगडून निकामी होत नाही, त्यालाही आपण स्थिर म्हणतो. मग वाक्य होते: स्थिरीकरणाने विकर स्थिर होते. वाचणारा म्हणेल, होणारच की! प्रत्यक्षात एका जागी बसणे वेगळे आणि टिकणे वेगळे. ज्यावर विकर बांधायचे त्या पदार्थातले छिद्र विकराच्या मापाचे असेल तर रेणूला हातपाय पसरायला जागा उरत नाही, म्हणून तो उष्णतेत टिकतो. छिद्र अरुंद असेल तर तो आत जातच नाही. फार खोल असेल तर ज्याच्यावर काम करायचे तो माल त्याच्यापर्यंत रखडत पोचतो. ‘अचलीकरण’ म्हणावे, तर गाडी बंद पडल्यासारखे वाटते.

मला गोठ्यातला शब्द सुचतो, दावण. मूळ संस्कृत ‘दामन्’, दोरी. कृष्णाच्या पोटाला ती बांधली म्हणून तो दामोदर, आणि आपले दावेही त्यातलेच. दावणीची म्हैस हिंडत नाही, पण वैरण तिच्यापुढे येते, ती खाते, दूध देते आणि उद्याही तिथेच सापडते. बांधलेल्या विकराचे सगळे यात आले. दूध थोडे कमी देईल; बांधलेले विकरही पुष्कळदा मोकळ्याइतके चपळ नसते. पण मोकळे एकदाच कामाला येते, हे पुन्हा पुन्हा.

भाचीला हे पटले. तिने विचारले, “पण दावं बांधतात कुठे?” प्रश्न रसायनशास्त्राचाच होता. विकराच्या अंगावर एक खोबण असते, तिथेच सगळे काम चालते. दावे तिच्यापासून लांब पडले तर उत्तम. नेमके खोबणीवर पडले तर त्याला दावे म्हणत नाहीत, मुसके म्हणतात.