संपलेल्या नोकरीचा खेळ

परवाच्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा रोडिओ पाहिला. तोही मोठ्यांचा नाही, पोराटोरांचा. ऑस्टिनच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा सहकारी इतकी वर्षं मला फक्त डेटाबेसवाला म्हणून माहीत होता. त्याची सोळा वर्षांची मुलगी शाळकरी रोडिओत उतरते हे आत्ता कळलं. "घरच्यांना घेऊन ये," म्हणाला. म्हटलं, टेक्सासात राहून एवढंही नाही बघायचं तर काय! बायको आणि सहा वर्षांची लेक यांना गाडीत घातलं आणि तासाभरावरचं गाव गाठलं.

पत्र्याची शेड, लाकडी बाकं, मातीचं मैदान, शेणाचा वास. (मला आजोळचा गोठा आठवला, बायकोने नाकाला रुमाल लावला. असो.) झेंडा घेऊन एक मुलगी घोड्यावरून भरधाव फेरी मारून गेली, राष्ट्रगीत झालं, आणि पहिलाच प्रकार निघाला मटण बस्टिंग! मला वाटलं जेवणाची घोषणा. :) प्रत्यक्षात पाच-सहा वर्षांची पोरं हेल्मेट घालून मेंढीच्या पाठीवर उपडी पडतात, लोकर गच्च धरतात, फाटक उघडतं आणि मेंढी सुटते. सहा सेकंद टिकलं तर जिंकलं. बहुतेक जण दोन सेकंदांतच मातीत.

लेकीने माझी बाही ओढली. "बाबा, पुढच्या वेळी मी बसू?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

सहकारी म्हणाला, "बघताना एकच विचार कर. यातलं कोणतं कधीकाळी कुणाचं काम होतं, आणि कोणता नुसता तमाशा?" हा प्रश्न डोक्यात बसला. घरी येऊन रविवारभर वाचत बसलो.

रोडिओ हा शब्दच मुळी स्पॅनिश. रोदेआर म्हणजे वेढा घालणं. बिनकुंपणाच्या माळावर मोकाट चरणारी गुरं घेरून आणायची, कुणाची कोणती ते डागावरून ठरवायचं, नव्या वासरांना डाग द्यायचा, या हंगामी कामाचं नाव रोदेओ. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी मेक्सिकोत घोडे आणि गुरं आणली, ती राखणारे ते वाकेरो. वाका म्हणजे गाय, म्हणजे सरळ आपला गुराखीच. काउबॉयचं सामानही त्यांचंच. फासाचा दोर लॅरिएट म्हणजे ला रेआता, पायांवरच्या कातडी चॅप्स म्हणजे चापारेरास.

१८६५ साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात लांब शिंगांची गुरं उदंड होती आणि गिऱ्हाईक नव्हतं. उत्तरेत मात्र त्यांना कितीतरी पट भाव. १८६७ मध्ये कॅन्ससमधल्या ॲबिलीनला रेल्वेने गुरं पाठवायची सोय झाली, आणि हजारावर किलोमीटर गुरं हाकत नेणं हा धंदा झाला. या कामावर गोऱ्यांबरोबर मेक्सिकन होते, नुकतेच गुलामीतून सुटलेले काळे होते. हॉलिवूडने आपल्याला दाखवले ते फक्त गोरे.

मग १८७४ मध्ये जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं. माळांना कुंपणं पडली, रेल्वे टेक्सासात पसरली, आणि जेमतेम वीस वर्षांत तो धंदा आटोपला. १८८८ मध्ये ॲरिझोनातल्या प्रेस्कॉटला तिकीट लावून, बक्षिसं ठेवून स्पर्धा भरली. १८९७ मध्ये वायोमिंगमधल्या शायेनला. तारखा बघा म्हणजे लक्षात येईल. नोकरी जायला लागली तेव्हा तिचा खेळ झाला. (आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

आता परत मैदानात. वासराला फास टाकून, खाली पाडून तीन पाय बांधणं हे खरं काम. माळावर आजारी वासराला औषध द्यायचं तर दुसरा उपाय नव्हता. घोड्यावरून उडी मारून बैलाची शिंगं धरून त्याला आडवा करणं मात्र कुणाची नोकरी नव्हती. तो प्रकार रूढ केला टेक्सासच्या बिल पिकेटने. हा काळा काउबॉय बैलाचा ओठ चक्क दातांत धरायचा! काळा म्हणून स्पर्धेत घेणार नाहीत, तेव्हा कधीकधी त्याला इंडियन म्हणून उभं करत. तो १९३२ मध्ये घोड्याची लाथ लागून गेला आणि मानाच्या दालनात त्याचं नाव लागलं १९७१ मध्ये. बेफाम बैलावर आठ सेकंद बसणं हेही काम नव्हे. बैलावर बसून कुणाला कुठे जायचं होतं?

आणि मुली? पूर्वी बायकाही उधळत्या घोड्यांवर बसत. १९२९ मध्ये पेंडलटनच्या मैदानात बॉनी मकॅरॉल घोड्यावरून पडून दगावली, आणि पुढे बायकांना त्यातून बाजूला काढण्यात आलं. १९४८ मध्ये सॅन अँजेलो इथे ३८ जणींनी स्वतःची संघटना काढली. आजचं बॅरल रेसिंग वाढलं ते तिच्या जोरावर.

वासराचा प्रकार बघताना मात्र पोटात कालवलं. दोराचा हिसका बसला तसं ते वासरू मागे उलटलं. आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे मान्य केले. त्या सगळ्या वादात मी "परंपरा आहे हो!" म्हणणाऱ्यांतला. इथे परंपरा दुसऱ्याची होती, म्हणून मला वासरू दिसलं. ते आजारी नव्हतं. औषध द्यायचं नव्हतं, नुसतं घड्याळ चालू होतं.

सहकाऱ्याच्या मुलीने शेवटी एक पिंप पाडलं. पाच सेकंदांचा दंड, म्हणजे बक्षीस गेलं. डोळे भरले होते तिचे. पण ती आई-बापाकडे आली नाही. आधी घोडा चालवून थंड केला, खोगीर उतरवलं, पाय चाचपले, पाणी पाजलं. मग स्वतः पाणी प्यायली. तिथे टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. मला वाटतं सहकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर तेच. काम होतं ते हे, आणि ते अजून संपलेलं नाही.

बाहेर टेबलावर पुढच्या महिन्याच्या मटण बस्टिंगचे फॉर्म ठेवले होते, "इजा झाल्यास जबाबदारी पालकांची" असल्या मजकुराचे. मी सही केली नाही. लेक गाडीत फुरंगटून बसली. पण त्या मुलीने जाताना तिच्या हातात खरारा देऊन घोड्याची मान घासू दिली होती, आणि "पुन्हा ये" म्हणाली होती.

तर पुढच्या शनिवारी जातोय. मेंढीवर बसायला नाही, बादल्या भरायला.