नाशिकमधील नेपाळी खाद्यसंस्कृती आणि शहरफेरी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

शहरफेरी हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाचे उपयुक्त साधन असले तरी तिच्या मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. नाशिकच्या रस्त्यांवर मिसळीच्या जोडीला मोमोच्या गाड्या दिसतात आणि नेपाळी खाद्यसंस्कृती म्हणजे मोमो, असा समज दृढ होतो. वस्तुतः मोमो मूळचा तिबेटी. ल्हासाशी व्यापार करणाऱ्या नेवारांमुळे तो काठमांडूत रुळला, असे मानले जाते.

१९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारान्वये नेपाळी नागरिकांना भारतात वास्तव्य व रोजगाराची मुभा मिळाली. रखवालदारी, उपाहारगृहे यांत काम करणाऱ्या या स्थलांतरितांचे रोजचे अन्न प्रामुख्याने डाळ, भात व तरकारी. डोंगराळ प्रदेशात कोदोच्या पिठाचा ढिंडोही. नावावरून कोद्रा वाटणारा हा कोदो म्हणजे पेठ-सुरगाण्याची नागलीच होय. सह्याद्रीच्या व हिमालयाच्या उतारांवरील कष्टकऱ्यांना एकाच धान्याने जगविले आहे. मात्र ढिंडो, आंबवून वाळविलेल्या पाल्याचा गुंद्रुक किंवा तिहारची सेलरोटी सहसा गाडीवर येत नाहीत. ती घरच्या चुलीपुरती राहतात.

सारांश, बाजारात विकले जाणारे अन्न म्हणजे समाजाचे संपूर्ण अन्न नव्हे. शहरफेरीला स्थलांतरितांच्या मौखिक इतिहासाची जोड दिल्याशिवाय नाशिकचा सामाजिक इतिहास अपूर्णच राहील.