हॉकीचा लिलाव आणि मुंबईचा संघ

हॉकी इंडिया लीगमध्ये मैदानाइतकीच चुरस हंगामापूर्वीच्या लिलावातही असते. डिसेंबर २०१२ मधील पहिल्या लिलावात ‘मुंबई मॅजिशियन्स’ने पेनल्टी कॉर्नरतज्ज्ञ संदीपसिंगसाठी ६४,४०० डॉलर मोजले. २०१३ च्या हंगामात स्पर्धेतील सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर होते. तरीही पाच संघांत मुंबई अखेरची राहिली. एकट्या खेळाडूवर संघ तरत नाही, हे त्यातून दिसून आले.

२०१४ च्या हंगामानंतर मालकी बदलून ‘दबंग मुंबई’ हा नवा संघ आला. त्याने तरुण हरमनप्रीतसिंगला ५१ हजार डॉलरना करारबद्ध केले. २०१७ मध्ये फ्लोरियन फुक्सच्या नेतृत्वाखाली संघाने अंतिम फेरी गाठली. तेथे कलिंगा लान्सर्सने ४-१ अशी मात केली.

त्यानंतर लीग खंडित झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिलाव पुन्हा झाला, तेव्हा प्रत्येक पुरुष संघाला चार कोटी रुपयांत २४ खेळाडू निवडायचे होते. त्यांत आठ परदेशी. हरमनप्रीतला ‘सूरमा’ संघाने सर्वाधिक ७८ लाखांना घेतले. पुरुषांच्या आठ संघांत मुंबई मात्र नव्हती.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपरहून लोकलने चर्चगेटच्या महिंद्र स्टेडियमवर जाऊन घरच्या संघाचा सामना पाहण्याची सोय त्यामुळे उरली नाही. खेळाडू कायम राखणे, मुक्त करणे वा अदलाबदल करणे, या साऱ्यासाठी आधी शहराचा संघ असावा लागतो.