सगळे कसे कायदेशीर!

आम्ही राहतो ते श्रूजबरी हे मॅसॅच्युसेट्स राज्यातले गाव. बॉस्टनहून पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर, वूस्टर शहराला खेटून. अमेरिकेच्या इतिहासात या गावाचे नाव मुख्यतः एका माणसामुळे येते: जनरल आर्टेमस वॉर्ड. 1775 मध्ये बॉस्टनमध्ये इंग्रजांना वेढा पडला, तेव्हा वॉशिंग्टन येईपर्यंत सेनापती हेच. त्यांचे घर इथे मेन स्ट्रीटवर जपून ठेवले आहे.

मला मात्र वॉर्ड आठवतात ते दुसऱ्याच एका प्रसंगासाठी. 5 सप्टेंबर 1786. स्वातंत्र्ययुद्ध संपून तीन वर्षे झालेली. वॉर्ड आता वूस्टरच्या दिवाणी न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ते कोर्टाच्या पायऱ्यांपाशी पोचले तर समोर संगिनी रोखून शेतकरी उभे! त्यातले कित्येक जण इंग्रजांशी लढून आलेले सैनिक. वॉर्ड डगमगले नाहीत, तिथेच उभे राहून त्यांनी जमावाला चांगले खडसावले. पण अखेर कोर्टाचे कामकाज तहकूब करावे लागले. ज्या पलटणींनी बंदोबस्त करायचा, त्यांनाच बंडवाल्यांचे म्हणणे पटत होते.

हेच ते 'शेजचे बंड'. डॅनियल शेज या माजी कॅप्टनच्या नावाने ओळखले जाते. शाळेच्या पुस्तकात त्याचे कारण एका ओळीत उरकतात, 'कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव'. पण हे कर्ज नि कर आले कुठून, ही खरी मजेची (आणि संतापाची) गोष्ट आहे.

युद्धात सरकारकडे पैसा नव्हता. सैनिकांना पगाराऐवजी कागदी रोखे दिले गेले. घरी परतलेल्या सैनिकाला बियाणे हवे, मीठ हवे. रोखा खाता येत नाही. त्याने तो मिळेल त्या किमतीला विकला. घेणारे होते शहरातले पैसेवाले. मग राज्याच्या विधिमंडळाने ठरवले की या कर्जावर रोखीत, म्हणजे सोन्याचांदीच्या नाण्यात, 6 टक्के व्याज द्यायचे, आणि तेही बाजारभावावर नव्हे तर कागदावरच्या किमतीवर. आता हिशेब करा. समजा 100 पौंडांचा रोखा कुणी 25 पौंडांना घेतला. वर्षाला व्याज 6 पौंड, म्हणजे गुंतवणुकीवर 24 टक्के! शिवाय मुद्दल पूर्ण मिळण्याची आशा वेगळी.

हे व्याज द्यायचे कशातून? करातून. करातला मोठा भाग डोईपट्टीचा, 16 वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषामागे सारखाच, मग तो व्यापारी असो की कुळंबी. म्हणजे ज्या सैनिकाने आपला रोखा पाव किमतीत विकला, त्यानेच आता कर भरून त्याच रोख्याचे पूर्ण व्याज द्यायचे. नाही जमले तर जप्ती, नाहीतर तुरुंग.

लेनर्ड रिचर्ड्स या इतिहासकाराने जुन्या वह्या तपासल्या. राज्याच्या कर्जापैकी जवळजवळ 80 टक्के रोखे बॉस्टन आणि आसपासच्या सट्टेबाजांकडे गेले होते. सुमारे 40 टक्के तर फक्त 35 जणांकडे. आणि हे 35 जण एकतर स्वतः विधिमंडळात बसलेले, नाहीतर त्यांचा जवळचा नातेवाईक तरी तिथे होता. गव्हर्नर बोडन यांच्याकडेही रोखे होतेच.

यात बेकायदेशीर काय? काहीच नाही. कुणी लाच घेतली नाही, कुणी खोटी सही केली नाही. विक्री राजीखुशीची, कायदा बहुमताने मंजूर, कर रीतसर. मला सगळ्यात अस्वस्थ करतात ते आमचे वॉर्डसाहेब. ते भ्रष्ट नव्हते, ही तर अडचण आहे. असल्या व्यवस्थेला प्रामाणिक न्यायाधीशच लागतो. लुटारूंनी केलेला कायदा सज्जन माणूस निष्ठेने राबवतो, तेव्हा ती लूट राहत नाही, वसुली होते.

पुढे बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी पैसे घालून फौज उभी केली आणि 1787 च्या फेब्रुवारीपर्यंत बंड मोडले. मतदारांनी त्याच वर्षी बोडनना घरी बसवले, कर सैल झाले. पण 1790 मध्ये हॅमिल्टनच्या योजनेने राज्यांची कर्जे केंद्राने उचलली. मूळ सैनिकालाही काही वाटा द्यावा, असे मॅडिसनने सुचवले, ते 36 विरुद्ध 13 मतांनी पडले.

आपल्याकडे वेगळे काय झाले? 1859 च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षे चालेल असे ठरवले. हेतू कुळाला वाचवण्याचा. सावकाराने दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. कायदा तंतोतंत पाळला! 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली आणि कर्जखतांची होळी केली. 1879 चा दख्खन शेतकरी कायदा त्यानंतर आला.

आणि कालपरवाचे म्हणाल, तर देणगीदाराचे नाव जनतेपासून झाकणारे निवडणूक रोखे 2018 पासून विकले जात होते. सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 ला ते घटनाबाह्य ठरवले. तोवरची सहा वर्षे सगळे कायदेशीरच होते.

म्हणून कुणी पुढारी किंवा कंपनी 'आम्ही कायदा मोडलेला नाही' असे सांगते, तेव्हा मी त्यावर लगेच विश्वास ठेवतो. खुशाल ठेवावा. फक्त पुढचा प्रश्न विचारायचा: तो कायदा लिहिला जात असताना त्या खोलीत कोण बसले होते, आणि त्यांच्या खिशात कसले कागद होते?