लोखंडातले चौकोनी छिद्र

१/ जुन्या लोखंडी कठड्याच्या आडव्या पट्टीतून चौरस गज आरपार गेलेले दिसतात. ते छिद्र चौकोनी कसे पाडले, हा प्रश्न मात्र सहसा मनात येत नाही. फिरणाऱ्या हत्याराने पडणारे छिद्र गोल असते. या साध्या अडचणीभोवती लोहकामाचा मोठा इतिहास गुंफलेला आहे.

२/ आधी गरज पाहू. गोल छिद्रातला गोल गज जागच्या जागी फिरू शकतो. चौकोनी छिद्रात घट्ट बसलेला चौरस गज फिरत नाही. युरोपातील लोहार अनेकदा हे छिद्र तिरके पाडत. त्यामुळे गजाची सपाट बाजू नव्हे, तर धार समोर येई.

३/ लोहाराची रीत अशी : पट्टी भट्टीत लालपिवळी होईपर्यंत तापवायची, छिन्नीने तिच्या लांबीच्या दिशेने चीर पाडायची आणि त्या चिरेत निमुळती, चौरस पोलादी कांब ठोकत न्यायची. चीर रुंदावत जाऊन चौकोनी होते.

४/ या रीतीत धातू काढून टाकला जात नाही, बाजूला सरकवला जातो. घडीव लोखंडात धातुमळीचे बारीक तंतू लाकडाच्या रेषांसारखे लांबीने पसरलेले असतात. चीर ते फारसे तोडत नाही, दोन्हीकडे सारते. म्हणून छिद्राभोवती पट्टी फुगते.

५/ त्याचा लाभ साध्या हिशेबाने कळतो. ४० मिलिमीटर रुंद पट्टीत २० मिलिमीटरचे छिद्र ड्रिलने पाडले, तर तिथे निम्मीच रुंदी उरते. लोहाराच्या रीतीत जवळजवळ सगळा धातू शाबूत राहतो.

६/ १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सनच्या यंत्राने जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनासाठी अचूक सिलिंडर कोरले. यंत्रयुगात गोल छिद्र स्वस्त आणि अचूक होत गेले. चौकोनी छिद्रासाठी मात्र आधी गोल भोक पाडायचे, मग कोपरे कानशीने घासायचे किंवा वाढत्या दातांची पोलादी कांब, म्हणजे ब्रोच, त्यातून ओढायची.

७/ मग भूमिती मदतीला आली. फ्रान्झ रूलो (१८२९–१९०५) या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा फुगीर बाजूंचा त्रिकोण चौरसात चारही बाजूंना टेकून फिरू शकतो. याच तत्त्वावरील ड्रिलचे पेटंट हॅरी वॉट्स यांना अमेरिकेत १९१७ मध्ये मिळाले. फिरताना त्रिकोणाचा मध्य स्थिर राहत नाही, म्हणून चकही सरकता लागतो. रूलोचा मूळ त्रिकोण चौरसाचा सुमारे ९८.८ टक्के भाग व्यापतो. कोपरे किंचित गोल राहतात.

८/ भरीव पट्टीची जागा पोकळ नळीने घेतली, तेव्हा नवी अडचण आली. पंच मारला की आतून आधार नसलेली पातळ भिंत दबते. म्हणून नळीत आधाराचा ठोकळा सरकवावा लागतो. शिवाय गज आरपार जायचा असेल, तर समोरासमोरची दोन्ही छिद्रे नेमकी जुळावी लागतात.

९/ लेझरने ही अडचण सोडवली. प्रकाशझोत भिंतीवर दाब देत नाही. धातू कापण्यासाठी पुढे विपुल वापरला गेलेला कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सी. कुमार एन. पटेल यांनी साकारला. त्यांचा जन्म बारामतीचा, अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे.

१०/ या प्रवासात काही हरवलेही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भंगारासाठी असंख्य कठडे कापून नेले. घरांपुढच्या दगडांत त्यांचे खुंट आजही दिसतात. नंतरच्या अनेक कठड्यांत छिद्रच नाही. गज पट्टीला वेल्डिंगने चिकटवलेले असतात. घडीव लोखंडाचे तिथले व्यापारी उत्पादनही १९७० च्या दशकात थांबले.

११/ म्हणून जुना कठडा भंगारात काढण्यापूर्वी त्याच्या पट्टीवरून बोट फिरवावे. छिद्राभोवती फुगवटा लागला, तर तिथे तापल्या लोखंडात कांब ठोकली गेली आहे. लेझर त्याहून अचूक चौकोन कापील. पण कापलेला धातू पट्टीतून जातोच, आणि तो फुगवटा येत नाही.