मदरबोर्डवरचा सेल

माळ्यावरून काढलेला जुना पीसी सुरू केला की तो आधी कुरकुर करतो. तारीख चुकीची आहे, सेटिंग्ज पुसल्या गेल्यात, एफ-वन दाबा. घड्याळाच्या दुकानात मिळणारा एक सेल बदलला की प्रश्न मिटतो. सीआर २०३२ या नावातच त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. नखाने खिटी मागे सारायची, जुना सेल काढायचा, अधिकची बाजू वर ठेवून नवा बसवायचा. हे इतकं सोपं व्हायला बरीच वर्षं गेली, आणि मधल्या काळात पुष्कळ चांगली यंत्रं याच भागापायी मेली.

१९८१च्या आयबीएम पीसीत हा सेल नव्हताच, कारण वीज गेल्यावर चालणारं घड्याळच नव्हतं. सुरू केल्यावर डॉस तारीख विचारायचं, मग वेळ. कंटाळून नुसतं एंटर दाबलं तर दिवस १ जानेवारी १९८०, कारण डॉसचा काळ तिथूनच सुरू होतो. त्या तारखेच्या फाइली जुन्या फ्लॉप्यांवर दिसतात, त्या याच कंटाळ्याच्या खुणा. मेमरी किती, फ्लॉपी ड्राइव्ह किती, हे मदरबोर्डवरचे बारीक स्विच वरखाली करून सांगावं लागे.

१९८४च्या पीसी-एटीमध्ये आयबीएमने मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही चिप बसवली. तिच्यात एकूण ६४ बाइट. त्यातले १४ घड्याळाचे. उरलेल्या ५० बाइटांत स्विचांची जागा घेणारी माहिती मावली. चिपशेजारचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे २चा १५वा घात, त्यामुळे १५ वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक ठोका मिळतो. हे सगळं एका बॅटरीवर वर्षानुवर्षं चालू शकलं ते सीमॉस तंत्रामुळे. फेअरचाइल्डमध्ये फ्रँक वॉनलासने १९६३ साली मांडलेल्या या रचनेत सर्किट स्वस्थ असताना वीज जवळपास खर्चच होत नाही. सेटिंग्ज आता फ्लॅश मेमरीत राहतात, तरी आपण अजून ‘सीमॉस बॅटरी’च म्हणतो.

एटीची बॅटरी वेगळी होती. वेल्क्रोने आत चिकटवलेली आणि वायरने बोर्डाला जोडलेली. संपली तर काढून दुसरी लावायची. माझ्या मते आयबीएमने पहिल्याच फटक्यात योग्य उत्तर दिलं होतं.

पुढच्या ३८६ आणि ४८६ बोर्डांवर मात्र पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट सोल्डर केलेली दिसते. कमोडोरच्या अमिगा २००० आणि ४०००वरही तीच. यंत्र चालू असताना ती चार्ज होते, म्हणजे बदलायची गरजच नाही, असा हिशेब. पण यंत्र कपाटात गेलं की चार्जिंग थांबतं आणि काही वर्षांनी बॅटरी पाझरायला लागते. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात सुटतं. बॅटरी बहुधा कीबोर्डच्या सॉकेटजवळ असायची, त्यामुळे आधी कीबोर्ड गप्प होतो. दुरुस्ती करणारे तिथे व्हिनेगर चोळतात, कारण अल्कलीवर आम्ल. पण खाल्लेली रेष व्हिनेगरने परत येत नाही, तिथे बारीक वायर जोडावी लागते.

डॅलस सेमीकंडक्टरची डीएस १२८७ ही चिप गळायची नाही. चिप, क्रिस्टल आणि लिथियम सेल एकाच काळ्या ठोकळ्यात इपॉक्सी ओतून बंद केलेले. आयुष्य १० वर्षांहून जास्त, असा कंपनीचा दावा होता आणि तो खोटा नव्हता. पण तोवर यंत्र भंगारात गेलेलं असेल, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. सेल संपला की दर वेळी हार्ड डिस्कचे सिलिंडर, हेड, सेक्टर हाताने भरा. हौशी लोक इपॉक्सी कोरून आतल्या सेलचे पाय उघडे करतात आणि त्यांना नाणेवाल्या सेलचा होल्डर जोडतात.

कॅपकॉमने तर बॅटरीला कुलूपच केलं. १९९३मध्ये आलेल्या सीपीएस-२ या आर्केड बोर्डावर गेमचा प्रोग्रॅम कूटबद्ध असे आणि तो उलगडायची किल्ली बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत. बॅटरी संपली की किल्ली गेली, मग नवी बॅटरी घालूनही उपयोग नाही. रोख चोरट्या नकलांवर होता, पण पैसे मोजून घेतलेले बोर्डही त्यात मेले. ते उठवायला शौकिनांना कूटलेखनच फोडावं लागलं.

या सगळ्यानंतर १९९०च्या दशकात होल्डरमधला साधा नाणेवाला सेल रुळला, म्हणजे एका अर्थी आपण एटीच्या वेल्क्रोपाशी परत आलो. आता त्याच्याकडे मुख्य काम उरलंय ते घड्याळाचं. तेही क्षुल्लक नाही: तारीख मागे गेली तर ब्राउझरला वेबसाइटची प्रमाणपत्रं अजून लागूच न झालेली दिसतात आणि तो पान उघडायला नकार देतो. २०१२च्या रास्पबेरी पायने खर्च वाचवायला घड्याळ गाळलं आणि वेळ नेटवर्ककडून मागून घेतली. २०२३च्या पाय ५मध्ये ते परत आलं, बॅटरी जोडायच्या जागेसकट.

घरात एखादा ३८६ किंवा ४८६ पडून असेल तर तो सुरू करायच्या आधी उघडून पाहा. पिंपासारखी बॅटरी दिसली तर कटरने पाय कापून आजच बाहेर काढा, हिरवट बुरशीसारखं काही दिसत नसलं तरी. हार्ड डिस्कचे आकडे तिच्या लेबलवर असतात; ते कागदावर उतरवून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.