मुंबईचा नगरविस्तार आणि श्रमिकांचा निवारा

मोठ्या नगराच्या वाढीचा इतिहास लिहिताना व्यापार, कारखाने आणि दळणवळण ही तीन कारणे सामान्यतः पुढे मांडली जातात. मुंबईच्या बाबतीत ती यथार्थच आहेत. तथापि ती पुरेशी नाहीत. नगर का वाढले, याचे उत्तर त्यांत मिळते. परंतु ते ज्या रीतीने पसरले तसेच का पसरले, आणि या प्रसाराचा भार कोणी वाहिला, याचा उलगडा त्यांवरून होत नाही. गेल्या दोन शतकांचा वृत्तांत एकत्र पाहिला असता असे दिसते, की मुंबईने बाहेरून आलेल्या माणसाला काम दिले, पण त्याच्या निवाऱ्याचा भार सातत्याने इतरत्र ढकलला : प्रथम त्याच्या मूळ गावावर, पुढे उपनगरांवर आणि अखेरीस खाडीपलीकडील खेड्यांवर. नगराचा अस्ताव्यस्त विस्तार हा बव्हंशी या व्यवहाराचाच परिणाम होय.

१६६८ साली मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती आले, त्यानंतर दीर्घकाळ नगराचा गाभा कोटाच्या आतच होता. १८०३ च्या फेब्रुवारीत कोटात भीषण आग लागली. तोफांच्या माऱ्यासाठी तटाबाहेरचे मैदान मोकळे राखण्याचे लष्करी धोरण होते. त्यामुळे पुष्कळशा एतद्देशीय वस्तीला त्या मैदानापलीकडे सरकावे लागले. आपत्ती यावी, तिच्या निमित्ताने दाट वस्ती हलवली जावी आणि हललेल्यांनी पुढच्या मोकळ्या जमिनीवर आपली सोय आपणच पाहावी, हा क्रम येथे प्रथम स्पष्टपणे दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या वाढीला निराळी गती आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची रेल्वे सुरू झाली. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कापड गिरणीची कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये ताडदेव येथे प्रत्यक्ष उत्पादनास आरंभ झाला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने हिंदी कापसाचे भाव भडकले आणि पैशाचा पूर मुंबईत लोटला. १८६४ च्या गणनेत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. युद्ध संपताच सट्ट्याचा डोलारा कोसळला, आणि १८७२ मध्ये हाच आकडा ६,४४,४०५ वर उतरला. आठ वर्षांत झालेली ही घट फार सूचक आहे. जो वर्ग नगरात आला होता, त्यातील मोठा भाग नगरात रुजलेला नव्हता. काम संपताच तो परत गेला.

गिरण्यांची वाढ झाल्यानंतरही ही स्थिती पुरती पालटली नाही. गिरणगावातील कामगारांत कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील, लोकांचा भरणा फार मोठा होता. घाटावरील सातारा-पुण्याकडूनही माणसे येत. कोकणात शेतीचे तुकडे लहान, डोंगराळ जमिनीचे उत्पन्न अपुरे आणि खोतीचा बोजा जड. त्यामुळे घरातील एक-दोन कर्त्या पुरुषांनी मुंबई गाठणे हा कुटुंबाच्या निर्वाहाचा मार्ग ठरला. बायकामुले व वृद्ध माणसे गावी राहत. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या निम्म्याहून थोडीच अधिक होती, यावरून या विभागलेल्या संसारांची कल्पना येते. एका गावच्या मंडळींनी मिळून एक खोली घ्यावी, पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने तीत झोपावे, खाणावळीत जेवावे आणि महिन्याकाठी गावी मनिऑर्डर पाठवावी, अशी ही जीवनपद्धती होती.

या पद्धतीचा आर्थिक अर्थ ध्यानात घेतला पाहिजे. मनिऑर्डरीने गाव जगत होते, हे खरे. परंतु गावही नगराला पोसत होते. मुलाचे संगोपन, आजाऱ्याची शुश्रूषा, संपकाळातील आश्रय आणि वार्धक्यातील आधार हा सारा खर्च गावाच्या पदरात पडे. कुटुंब गावी असल्यामुळेच तुटपुंजी मजुरी आणि एका खोलीतील वाटा यांवर कामगाराचे भागू शके. ज्या कोकणाने शतकाहून अधिक काळ मुंबईला मनुष्यबळ पुरवले, त्या कोकणात सलग रेल्वेमार्ग १९९८ साली पूर्ण झाला. तोवर तेथील चाकरमानी आगबोटीने आणि पुढे एस. टी. ने ये-जा करीत राहिला.

दाटीचा परिणाम १८९६ मध्ये उघड झाला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगश या मूळच्या गोमंतकीय वैद्याने प्लेगचे निदान केले. भयाने व सक्तीच्या उपायांच्या धास्तीने लक्षावधी लोक नगर सोडून गेले. १८९१ ची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. १८९८ साली सरकारने मुंबई शहर सुधारणा मंडळ (जनभाषेत ‘सुधारणा ट्रस्ट’) स्थापन केले. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद मार्ग काढले आणि दादर-माटुंग्याची आखीव वसाहत वसवली. या कार्याचे मोल कमी नाही. परंतु आरंभीच्या काळात जितक्या खोल्या पाडल्या, त्या मानाने गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या फारच थोड्या होत्या. दादर-माटुंग्याची मोकळी हवा मध्यमवर्गाला लाभली. पाडलेल्या चाळींतील रहिवासी शेजारच्या चाळींत शिरले आणि तेथील दाटी वाढली.

पहिल्या महायुद्धानंतर भाडी व महागाई असह्य झाली, तेव्हा १९२० मध्ये विकास खाते निर्माण करण्यात आले. कापसाच्या गाठींवरील कराच्या आधाराने ५०,००० खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या व खोल्यांची संख्या सोळा हजारांच्या आसपास थांबली. शिवाय त्यांतील पुष्कळ खोल्या आरंभी रिकाम्याच राहिल्या, कारण भाडे परवडणारे नव्हते आणि सोयी अपुऱ्या होत्या. घर बांधले म्हणजे निवाऱ्याचा प्रश्न सुटला असे होत नाही. ते कामाच्या ठिकाणाशी आणि मिळकतीशी जुळावे लागते, हा धडा येथे मिळतो.

बेटावरील जागा अशी दुर्मिळ होत असताना साष्टीकडे जाणारा मार्ग रेल्वेने सुकर केला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही विजेवर चालणारी गाडी सुरू झाली, आणि नोकरी एकीकडे व बिऱ्हाड दुसरीकडे हा नागर जीवनाचा नियमच होऊन बसला. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. शीव, चेंबूर, मुलुंड येथे त्यांच्या छावण्या पडल्या आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या जागी उल्हासनगर वसले. नगराची सीमा १९५० मध्ये व पुन्हा १९५७ मध्ये वाढवण्यात आली व ती दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. वस्ती आधी गेली आणि सीमा तिच्यामागून गेली. पाणी, मलनिःसारण व रस्ते यांची योजना वस्तीपूर्वी न होता वस्तीनंतर झाली, याचे कारण या क्रमात आहे.

योजनेचा विचारच झाला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ना. वि. मोडक व अल्बर्ट मेयर यांनी १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या बृहद् आराखड्याची रूपरेषा मांडली होती. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे नगर वसवावे असे सुचवले, आणि १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नव्या नगरासाठी ९५ गावांची जमीन निश्चित झाली. परंतु शासनाची मुख्य कचेरी दक्षिण टोकालाच राहिली, त्याच टोकाला नरिमन पॉइंटच्या भरावावर कचेऱ्यांचे मनोरे चढत गेले, आणि वाशीस रेल्वे १९९२ मध्ये पोहोचली. दरम्यान ज्यांची भातशेती व मिठागरे गेली, त्या आगरी-कोळी व इतर ग्रामस्थांना योग्य मोबदल्यासाठी झगडावे लागले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी गोळीबाराला बळी पडले. विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा मूळ धारकांना देण्याचे तत्त्व या संघर्षातून पुढे आले.

याच सुमारास गिरणगावाचा पायाही खचला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पूर्ववत चालल्याच नाहीत. सुमारे ६०० एकर गिरणीजमीन नगराच्या मध्यभागी मोकळी होऊ लागली. १९९१ च्या नियमांनुसार तिचा एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी व एक-तृतीयांश सार्वजनिक गृहनिर्माणासाठी मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता मर्यादित केला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरवली. काम व निवारा यांची सांगड घालण्याची जी संधी बेटावर शतकात एकदाच आली, ती अशा रीतीने बव्हंशी हातची गेली.

२००१ ते २०११ या दशकाचे आकडे या प्रक्रियेवर प्रकाश टाकतात. मूळ शहराची लोकसंख्या ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर आली. उपनगर जिल्ह्याची ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ वर गेली. आणि तत्कालीन ठाणे जिल्ह्याची ८१,३१,८४९ वरून १,१०,६०,१४८ झाली. गाभा विरळ होत आहे आणि कडा दाटत आहे. त्याच २०११ च्या गणनेत बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत असल्याचे आढळले. म्हणजे गाभ्याबाहेर सरकूनही पुष्कळांना पक्का निवारा लाभलेला नाही.

तात्पर्य, मुंबईच्या विस्ताराचे मूळ केवळ लोकसंख्येच्या भारात शोधणे एकांगी ठरेल. कोकणातील घर, गिरणगावातील सामाईक खोली, उपनगरातील झोपडी आणि पनवेल-उरणकडील गेलेले शेत या एकाच हिशेबाच्या निरनिराळ्या नोंदी आहेत. नगराने श्रमाचा लाभ जमेस धरला आणि श्रमिकाच्या संसाराचा खर्च दुसऱ्याच्या नावे मांडला. जोवर हा खर्च नगर स्वतःच्या खाती घेत नाही, तोवर सीमा कितीही पुढे नेली तरी प्रश्न तिच्याही पुढे जाईल, एवढे या इतिहासावरून निश्चितपणे म्हणता येते.